फ्लॅटच्या किमती, ईएमआय आणि कर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतरही प्रश्न येतच राहिले: नात्यातून, सोसायटीतून, आणि आता व्हॉट्सॲपवर अनोळखी लोकांकडूनही. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुंबई-पुण्याची आहेत. हिशेब २० वर्षांच्या कर्जाचे आहेत आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे व्याजदर ८.५ टक्के धरला आहे.

१. सगळे ‘फुगा, फुगा’ म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

घराची किंमत त्यात राहण्याच्या उपयोगापेक्षा ‘उद्या याहून जास्त भावाला विकलं जाईल’ या आशेवर उभी राहिली, की तिला फुगा म्हणतात. हे तपासायची सोपी रीत म्हणजे भाडं. ज्या इमारतीत एक कोटीला फ्लॅट विकला जातो, तिथेच तसाच फ्लॅट महिना २५ हजारांनी भाड्याने मिळत असेल, तर वर्षाचं भाडं तीन लाख झालं. म्हणजे एक कोटी वसूल व्हायला तेहतीस वर्षं लागतील, तीही मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि रंगकाम न धरता. बँकेतली साधी मुदत ठेव याहून जास्त देते.

या कसोटीवर मुंबई-पुण्यातली घरं महाग आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हा फुगा फुटेल की हळूहळू बसेल, हा वेगळा प्रश्न आहे. तो पुढे घेतला आहे.

२. आपल्याकडे जागेचे भाव कधी पडतच नाहीत, हे खरं ना?

खरं नाही. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत जागेचे भाव आभाळाला भिडले होते. नरिमन पॉइंटच्या ऑफिसांची भाडी तेव्हा जगातल्या सर्वांत महाग भाड्यांत मोजली जात. १९९५-९६ नंतर हे भाव उतरायला लागले आणि २००३च्या आसपासपर्यंत सावरले नाहीत. शिखरावर असताना घेतलेल्यांना सात-आठ वर्षं वाट पाहावी लागली. माझ्या बँकेत असे कर्जदार होते. फ्लॅट विकूनही कर्ज फिटत नाही, हे त्यांना समजावताना माझीच जीभ अडखळायची.

दुसरं उदाहरण कमी लक्षात राहतं, कारण त्यात पडझडीचा आवाज झाला नाही. २०१४ ते २०१९ या काळात अनेक भागांत भाव जिथल्या तिथे राहिले. नोव्हेंबर २०१६मध्ये नोटाबंदी, २०१७मध्ये बिल्डरांना शिस्त लावणारा रेरा कायदा, २०१८मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था बुडाल्यावर बिल्डरांना कर्ज मिळेनासं झालं, असे एकामागून एक धक्के बसले. कागदावर एक कोटीचा फ्लॅट एक कोटीचाच राहिला, पण पाच वर्षांच्या महागाईने त्याची खरी किंमत बरीच खाल्ली.

आपल्याकडे भाव उघडपणे का उतरत नाहीत, तेही सांगतो. बिल्डरने दर कमी केला, तर आधी जास्त दराने घेतलेले साइटवर येऊन भांडतात आणि त्याला कर्ज देणारेही अस्वस्थ होतात. म्हणून तो दर तसाच ठेवून मॉड्युलर किचन देतो, मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, पार्किंग ‘फ्री’ करतो. ही भाव उतरल्याचीच खूण आहे. ‘ऑफर’ दिसली, की तिचे पैसे करून दरातून वजा करा आणि तोच खरा दर समजा.

३. हजारो फ्लॅट रिकामे पडलेत, तरी भाव चढेच. असं कसं?

२०११च्या जनगणनेच्या आधारे केंद्राच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीत मुंबईतल्या रिकाम्या घरांचा आकडा दिला होता. तो सुमारे ४.८ लाख होता, देशातल्या शहरांत सर्वाधिक. यातली कित्येक घरं राहण्यासाठी घेतलेलीच नव्हती. ज्याने ती पैसा ठेवायची तिजोरी म्हणून घेतली, त्याला भाड्याची घाई नसते आणि विकायचीही नसते. त्यात मुंबईत जमीन मुळात कमी. १९९१च्या नियमांनी शहरात १.३३ आणि उपनगरात १ एवढाच मूळ एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं, ते प्रमाण) ठेवला होता आणि त्यावरचं बांधकाम टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन किंवा सरकारला प्रीमियम मोजून मिळायचं. तो प्रत्येक रुपया शेवटी घेणाऱ्याच्या दरात आला.

४. जाहिरातीत ९५० चौरस फूट लिहिलं होतं, मोजलं तर ६२० भरलं. ही फसवणूक नाही का?

जाहिरात जुनी असेल, तर तो आकडा ‘सुपर बिल्ट-अप’ असणार. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाउस, सगळ्यांतला तुमचा वाटा मिळवलेला असतो. याला लोडिंग म्हणतात. रेरा कायद्याने विक्री कार्पेट एरियावरच करायची, असं ठरवून दिलं आहे. कार्पेट म्हणजे बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची सोडून वापरायची जागा. आतल्या खोल्यांमधल्या भिंती त्यात धरतात. किमतीला कार्पेटने भागा. मगच दोन प्रकल्पांची तुलना होते.

जाहिरातीच्या बाकीच्या शब्दांवर लोक पोट धरून हसतात, आणि त्यांनी हसायलाच हवं. परळला ‘अप्पर वरळी’ म्हणतात, भिवंडीच्या बाजूच्या माळरानाला ‘अप्पर ठाणे’. ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ हे अंतर पहाटे चारला मोकळ्या रस्त्याने मोटारीत बसून मोजलेलं असतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लाकडी फळी ठोकली, की एक बीएचकेचा दीड बीएचके होतो. सॅम्पल फ्लॅटमध्ये तर आवर्जून दोन गोष्टी बघा: खोल्यांना दारं बसवली आहेत का, आणि पलंग पूर्ण मापाचा आहे का. दारं काढून आणि आखूड पलंग टाकून खोली मोठी भासवलेली मी स्वतः पाहिली आहे. सोबत टेप न्या. सेल्सवाल्याला आवडणार नाही, तरी मोजा.

५. एक कोटीचा फ्लॅट शेवटी कितीला पडतो?

पुण्यात बांधकाम चालू असलेला, करारात एक कोटी किमतीचा फ्लॅट धरू. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ५ लाख. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, म्हणजे ७ लाख (मुंबईत ६ टक्के; घर फक्त महिलेच्या नावावर असेल, तर एक टक्का सवलत). नोंदणी ३० हजार. इथेच १२ लाख ३० हजार झाले.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्केच कर्ज मिळतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. तर ७५ लाखांचं कर्ज घेतलंत, की स्वतःचे २५ लाख अधिक वरचे १२.३ लाख, असे ३७ लाखांहून जास्त आधी हातात हवेत. सोसायटीची आगाऊ मेंटेनन्स, ग्रिल, पंखे, ओटा हा खर्च आणखी वेगळा.

कर्जाचा हप्ता ६५,०८७ रुपये बसतो. वीस वर्षांत बँकेला १ कोटी ५६ लाख जातात. स्वतःचे ३७ लाख त्यात मिळवा. एक कोटीचा फ्लॅट १ कोटी ९३ लाखांना पडला.

दोन गोष्टी जोडून सांगतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही. आणि ५० लाख वा त्याहून जास्त किमतीच्या घरावर १ टक्का टीडीएस घेणाऱ्यानेच कापून सरकारकडे भरायचा असतो. तो किमतीतूनच कापायचा, वेगळा खर्च नाही. पण विसरलात, तर दंड तुम्हाला.

६. हप्ता तर पगारात बसतोय. मग काळजी कसली?

सेल्स ऑफिसात किंमत कोणी बोलतच नाही, ‘महिना फक्त ६५ हजार’ असं बोलतात. त्या ‘फक्त’मध्ये वीस वर्षं दडलेली असतात. पहिल्या महिन्याच्या ६५,०८७ रुपयांपैकी ५३,१२५ रुपये निव्वळ व्याज. मुद्दल फिटतं बारा हजारांच्याही आत. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता ३९ लाख भरल्यावर शिल्लक कर्ज किती राहतं? ६६ लाख. हा आकडा ऐकून माझ्यासमोर बसलेली माणसं गप्प झालेली मी अनेकदा पाहिली आहेत.

यावर औषधही आहे. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी रक्कम भरली, तर दंड घेता येत नाही. बोनस आला, एखादी पॉलिसी पिकली, की पहिल्या पाच-सात वर्षांत मुद्दलात टाका. त्या काळात भरलेला लाख सर्वांत जास्त व्याज वाचवतो.

७. हप्ता पूर्वीइतकाच आहे, पण मुदत वीसवरून चाळीस-पन्नास वर्षांवर गेली. बँकेने चूक केली का?

बहुधा चूक नाही, पण तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत, त्यामुळे तेवढीच वाढ तुमच्या खात्यावर आली.

समजा, ७५ लाखांचं कर्ज ६.७५ टक्क्यांनी घेतलं होतं आणि हप्ता ५७,०२८ होता. वर्षभराने दर ९.२५ झाला. आता महिन्याचं व्याजच ५६,३९७ झालं. हप्ता तोच ठेवला, तर मुद्दलात जेमतेम सहाशे रुपये जातात आणि कर्ज फिटायला अजून ४९ वर्षं लागतात. बत्तिसाव्या वर्षी कर्ज घेतलेला माणूस ब्याऐंशीचा होईल.

ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा. बँकेत लेखी अर्ज करा. जमेल तेवढा हप्ता वाढवून घ्या. दर उतरल्यावरही हप्ता खाली आणू नका, मुदत कमी करून घ्या.

८. पगाराच्या किती टक्के हप्ता चालतो?

बँक पन्नास टक्क्यांपर्यंतही मंजूर करते. बँक स्वतःची वसुली बघते, तुमचं घरखर्चाचं पान बघत नाही. माझं मत: हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. दोघं कमावत असाल, तर एकाच्या पगारावर सहा महिने निभेल का, ते मांडून बघा. बाळंतपण, आजारपण, आयटीतली कपात, सासऱ्यांची अँजिओप्लास्टी, यातलं काही ना काही वीस वर्षांत येणारच.

९. ‘ताबा मिळेपर्यंत ईएमआय नाही’ ही योजना घ्यावी का?

घेऊ नका. यात बँक कर्जाची बरीच रक्कम आधीच बिल्डरला देते आणि ताब्यापर्यंतचं व्याज बिल्डर भरेल, असं ठरतं. बिल्डर थांबला, की बँक तुमच्या दारात येते, कारण कर्ज तुमच्या नावावर आहे. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा गुणांक, तुमचा बिघडतो. रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना सांगितलं होतं, की पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच सोडा. २०१९मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेनेही गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं. तरीही नवं नाव देऊन त्या परत येतात.

प्री-ईएमआय हा निराळा प्रकार आहे. त्यात दिलेल्या रकमेवरचं फक्त व्याज तुम्ही भरता, मुद्दल जागचं हलत नाही.

१०. ताबा दोन वर्षं लांबला. भाडंही भरतोय, व्याजही. काय करू?

हा प्रश्न मी स्वतः भोगला आहे. पुण्याच्या पश्चिमेला २०१२मध्ये घेतलेल्या आमच्या फ्लॅटचा ताबा २०१५ला मिळायचा होता. मिळाला २०१८मध्ये. तीन वर्षं भाडं आणि प्री-ईएमआय एकदम गेला. बायकोने त्या काळात शिकवण्या घेतल्या, म्हणून तरलो.

आज तुमच्या हातात रेराचं कलम १८ आहे. करारातली तारीख उलटली, की तुम्ही बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह मागू शकता, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागू शकता. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधारदर) अधिक २ टक्के. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: निकाल लागणं आणि पैसे हातात पडणं यात बरंच अंतर आहे, कारण वसुली शेवटी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून होते. म्हणून घर घेण्याआधीच महारेराच्या संकेतस्थळावर त्या बिल्डरचे मागचे प्रकल्प, मुदतवाढी आणि चालू खटले वाचा.

११. टोकन देऊन बसलो, आता मन बदललं. पैसे बुडाले का?

महारेराने २०२२मध्ये वाटपपत्राचा नमुना ठरवून दिला. त्यानुसार १५ दिवसांत रद्द केलं, तर काही कापता येत नाही. पुढे दिवसांनुसार किमतीच्या २ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. तसंच नोंदणीकृत साठेकरार (विक्रीचा करार) झाल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेणं बेकायदा आहे. रोख टोकन कधीच देऊ नका.

१२. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, असं आई रोज म्हणते. तिला काय सांगू?

प्रश्न ६ मधलं व्याज तिला दाखवा. भाड्याचे २५ हजार पाण्यात जात असतील, तर पहिल्या महिन्याच्या व्याजाचे ५३ हजार कुठे जातात? हप्ता आणि भाडं यांतला चाळीस हजारांचा फरक दर महिन्याला खरोखर बाजूला टाकलात, तर भाड्याने राहणारा दहा वर्षांनी कंगाल नसतो.

पण आईचं म्हणणं उडवून लावू नका. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, दर वेळी नवा दलाल, मुलांची शाळा मध्येच बदलणं, ‘तुम्ही मासे खाता का’ हा घरमालकाचा प्रश्न, हे सगळं तिने बहुधा सोसलेलं आहे. तिला भिंतीत खिळा ठोकायला कोणाची परवानगी नको असते. ही गरज खरी आहे, तिचीही किंमत असते. ती दुप्पट नसावी, एवढंच माझं म्हणणं. आणि ‘घर पाहावं बांधून’ ही म्हण ज्यांनी केली, त्यांनी त्यातल्या ओढाताणीबद्दलच सांगितलं आहे. आपण तिचा आग्रह करून टाकला.

१३. टॅक्स वाचतो म्हणून कर्ज घ्यावं का?

नाही. स्वतः राहता त्या घराच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंतच वजावट आहे. नव्या पद्धतीत ती मिळत नाही. ३० टक्क्यांच्या गटात २ लाखांवर ६२,४०० रुपये वाचतात. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज ६ लाख ३० हजारांच्या पुढे आहे.

१४. गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट कर्ज काढून घेऊ का?

८.५ टक्क्यांनी पैसे आणून ३ टक्के भाडं मिळवायचं, त्यातून मेंटेनन्स आणि कर भरायचा, आणि उरलेला खड्डा भाववाढीने भरेल म्हणायचं. प्रश्न १ आणि २ पुन्हा वाचा. गरज पडल्यास फ्लॅटची एक खोली विकता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

१५. ऑफिसात ईएमआयवाल्यांची फार टिंगल चालते. मीही मीम्स पाठवतो. चुकतं का?

कोणावर हसता, यावर ते ठरतं. चारशे फुटांना ‘लक्झरी’ म्हणणाऱ्यावर, पाण्याचे टँकर मागवणाऱ्या इमारतीला ‘लेकसाइड’ नाव देणाऱ्यावर मनसोक्त हसा. अशा हसण्याने एखादा जण सही करण्याआधी थांबतो. पण कर्जात अडकलेल्या सहकाऱ्यावर हसू नका. माझ्या टेबलासमोर आलेल्या कर्जदारांत उधळे फार थोडे होते. बहुतेकांना आईवडिलांना चाळीतून बाहेर काढायचं होतं, किंवा लग्न ठरताना ‘स्वतःचं घर आहे का’ हे विचारलं गेलं होतं. टिंगल झालेला माणूस हप्ता थकल्याचं लपवतो, क्रेडिट कार्डावर हप्ता भरतो, आणि मग खरोखर बुडतो. त्याला चहाला घेऊन जा आणि पुढचा प्रश्न वाचायला द्या.

१६. हप्ते थकलेत. अमेरिकेत लोकांनी किल्ल्या बँकेला देऊन टाकल्या होत्या, तसं इथे चालेल?

चालणार नाही. अमेरिकेत घरांचे भाव २००६च्या शिखरापासून २०१२पर्यंत देशभरात सरासरी चौथ्या हिश्शाहून जास्त उतरले. घराच्या किमतीपेक्षा कर्ज मोठं झाल्यावर कित्येकांनी किल्ल्या पाठवून दिल्या. तिथल्या काही राज्यांत बँकेला घरापलीकडे वसुलीचा हक्क नसतो. आपल्याकडे घर विकून कर्ज फिटलं नाही, तर उरलेली रक्कम तुमच्याकडूनच वसूल होते.

९० दिवस थकबाकी राहिली, की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं. मग सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस, त्यानंतर ताबा, आणि लिलावाआधी ३० दिवसांची आणखी एक नोटीस. ६० दिवसांच्या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला उत्तर द्यावंच लागतं. पण एवढं लांबवू नका. पहिला हप्ता चुकणार असं दिसताच बँकेत जा आणि पुनर्रचना मागा. ती नाही जमली, तर लिलावाची वाट न पाहता बँकेच्या संमतीने स्वतः विका. स्वतः विकलेल्या घराला लिलावापेक्षा सहसा बरा भाव येतो. ताबा घ्यायला कोणी गुंड पाठवले, तर पोलिसांत जा.

१७. भाऊ सहकर्जदार आहे, पण घर माझ्या एकट्याच्या नावावर. त्याला काही धोका?

आहे. तुम्ही थकवलंत, की त्याचाही सिबिल बिघडतो आणि पूर्ण रक्कम त्याच्याकडूनही मागता येते. त्याला स्वतःचं घर घ्यायचं असेल, तेव्हा हे कर्ज त्याच्या पात्रतेतून वजा होतं. घरावर मात्र त्याचा हक्क नाही. त्याचं नाव करारात घ्या, नाहीतर पात्रता वाढताच त्याला कर्जातून मोकळं करा. जामीनदारालाही हेच लागू.

१८. बाबा पीएफचे २० लाख डाउन पेमेंटला देतायत. घेऊ का?

आधी विचारा, की ते दिल्यावर त्यांच्याकडे काय उरतं. औषधपाणी आणि पाच वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवून जे राहील, तेवढंच घ्या. ते रोखीने नको, त्यांच्या खात्यातून थेट बिल्डरच्या खात्यात जाऊ द्या. आणि साठेकरारात सहमालक म्हणून त्यांचं नाव, त्यांनी दिलेल्या रकमेच्या प्रमाणातल्या हिश्शासह, लिहून घ्या. ‘घरातल्या घरात कशाला’ असं तेच म्हणतील. तरीही लिहा. उद्या तुम्ही घर विकायला काढलंत, तर त्यांच्याशिवाय सही होणार नाही, आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) वर त्यांचं नाव दिसेल. मात्र सहमालक म्हणून बँक बहुधा त्यांनाही कर्जात घेते, त्यामुळे हप्ता थकला, तर त्यांच्या सहीवाचून बँकेचा लिलाव अडत नाही.